कडेकडेने चालत आलेली मांजर

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, अविवाहित, धंदा जुनी चित्रे दुरुस्त करण्याचा, हे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे, हात थरथरतो पण अक्षर माझेच आहे, आणि हे लिहिण्यासाठी मला कोणी धाकदपटशा दाखवलेला नाही. तसा दाखवण्याची आमच्या घरात कोणाची छातीही नाही. डॉक्टरांनी तपासून दाखला दिला आहे, तो सोबत जोडला आहे. त्यांनी मला आज वार कोणता ते विचारले. मी त्यांना तुमच्या दवाखान्यातले चित्र डावीकडे कलले आहे ते आधी सरळ करा म्हणून सांगितले. दाखल्यात त्यांनी 'पूर्ण शुद्धीत' असे लिहिले.

याआधीची माझी मृत्युपत्रे रद्द समजावीत. एक रागात लिहिले होते आणि दुसरे राग गेल्यावर, म्हणून दोन्ही निकामी.

वकिलांनी मला दीड पानाचा मसुदा करून दिला होता. त्यात घर होते, ठेवी होत्या, मांजर नव्हती. मी म्हटले, हे सगळे मी मांजरीसाठीच करते आहे. ते म्हणाले, "चित्रातली मांजर मृत्युपत्रात कशी लिहायची? चित्र लिहू. चित्र जंगम मालमत्तेत येतं." मी म्हटले, मांजरही जंगमच लिहा. ते हसले. मी हसले नाही. शेवटी त्यांना म्हटले, तुम्ही राहू द्या, माझे मी लिहिते.

कलम पहिले. राहते घर, म्हणजे तळमजल्यावरची कामाची खोली, वरच्या दोन खोल्या आणि गच्चीचा जिना, हे सर्व मी माझ्या भाचीला देते. ती माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी. आई गेल्यापासून ती माझ्याजवळ राहते आणि माझ्याच टेबलाशी काम करते. पुतण्याने वाईट वाटून घेऊ नये, आणि वाटलेच तर वाटू द्यावे. मागे मी तापाने पडले असताना तो भेटायला आला आणि खिडकीची रुंदी मोजत बसला. विचारले तर म्हणाला, "आत्या, पडद्यासाठी." त्याच्या बापाने, म्हणजे माझ्या भावाने, जन्मात कधी पडदा विकत घेतला नाही. आयत्या बिळावर नागोबा होण्याची हौस असेल तर बीळ दुसरे शोधावे.

कलम दुसरे. बँकेतल्या सर्व ठेवी, माझ्या शेवटच्या खर्चापुरते काढून, पुतण्याला द्याव्यात. पैशाची भाषा त्याला चांगली येते. मला ती कधी आली नाही, म्हणून रक्कम बघून तो नाराज होईल, पण ते आता माझ्या हातात नाही.

कलम तिसरे. हत्यारे. ब्रश, भिंगे, सुऱ्या, रंगांचे कपाट, कापसाच्या काड्या आणि जांभळा दिवा भाचीकडे जावेत. या कलमात धंद्याविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, नाहीतर पुढचे समजणार नाही.

आमच्या कारखान्यात बाबांनी घालून दिलेले दोन नियम आहेत. पहिला असा की जुन्या चित्रात जिथे रंग उडाला असेल तिथे आपण भरलेला रंग पुढच्या माणसाला पुसता आला पाहिजे. म्हणून आम्ही मूळ चित्रकाराचे तेलरंग वापरत नाही. आमचे रंग वेगळे, कापसाला औषध लावून फिरवले की निघून येतात आणि खालच्या जुन्या रंगाला धक्का लागत नाही. बाबा म्हणायचे, "आपण पाहुणे. पाहुण्यानं भिंतीत खिळा ठोकायचा नसतो." दुसरा नियम असा की कोणता तुकडा कोणी भरला हे एकमेकांना विचारायचे नाही. बाबा, मी आणि धाकटी, तिघे एकाच चित्रावर आळीपाळीने बसायचो. हा ढग कुणाचा, ते बोट कुणाचे, असे एकदा कळले की नजर पुन्हा पुन्हा तिथेच जाते आणि चित्र नासते. म्हणून विचारायचे नाही. हा नियम आमच्यात जेवणाच्या ताटापर्यंत गेला होता. भाजी कोणी केली हेही आम्ही विचारत नसू.

जांभळा दिवा म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा दिवा. खोलीत अंधार करून तो चित्रावर धरला की जुने वार्निश हिरवट चमकते आणि नंतर लावलेला रंग काळा दिसतो. त्याच्यापुढे कोणाची लबाडी चालत नाही.

कलम चौथे. चौकटवाल्याविषयी. हा माणूस चौकटी फार सुंदर करतो. परंतु एकदा त्याने चौकट आधी केली आणि चित्र तिच्यात बसेना म्हणून चित्रच कापले. त्या कापण्यात एका मांजरीची शेपूट गेली. "शेपटीवाचून काय अडलंय तिचं?" असे त्याने धाकटीला वर विचारले. धाकटी वर्षभर त्याच्याशी बोलली नाही. तोच आज माझा साक्षीदार आहे. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देऊ नये असे वकील म्हणाले, म्हणून मी त्याला काहीच देत नाही, क्षमासुद्धा नाही. उंदराला मांजर साक्ष, असे कोणी म्हटले तर म्हणो.

कलम पाचवे. धाकटीने जमवलेली मांजरांची छापील चित्रे लाकडी खोक्यात आहेत. ती चित्रकलेच्या शाळेला द्यावीत. मुलांना ती हाताळू द्यावीत. काचेच्या कपाटात ठेवायची असतील तर देऊ नयेत.

धाकटीला जिवंत मांजरांचे वेड नव्हते. बाबांना मांजराच्या केसांनी धाप लागायची, म्हणून घरात मांजर कधी आलीच नाही. तिला चित्रातली मांजर हवी असे. दुरुस्तीला आलेले चित्र टेबलावर ठेवले की मी आधी भेगा बघायची आणि ती आधी मांजर शोधायची. म्हणायची, "ताई, माणसं चित्रकारापुढं शहाण्यासारखी बसतात. मांजर बसत नाही. घरात खरं काय चाललंय ते मांजरीकडं बघून कळतं."

आणि मग ती सुरू व्हायची. इजिप्तमधल्या थडग्यांच्या भिंतींवर घरची बाई खुर्चीवर बसलेली असते आणि मांजर खुर्चीखाली, मासा खाणारी, नाहीतर खुर्चीच्या पायाला दोरीने बांधलेली. त्याच लोकांनी मांजरीला देवी करून काशाच्या मूर्तीत ओतले, कानांत बाळ्या घातल्या आणि मेल्यावर पट्ट्यांत गुंडाळून ठेवले. मग मठांतली हाताने लिहिलेली पुस्तके. मधला मजकूर देवाचा आणि समासात मांजर, तोंडात उंदीर आणि चेहरा लग्नात मान न मिळालेल्या मामासारखा. "काढणाऱ्यानं मांजर बघितली नव्हती, मामा बघितला होता," असे म्हणून ती हसत सुटायची. कुठे समुद्रकाठच्या अवाढव्य खडकात कोरलेली मांजर मागच्या पायांवर उभी राहून तप करते आणि उंदीर तिच्या पायाशी जमतात. मग ते मोठे भित्तिचित्र, येशूच्या शेवटच्या जेवणाचे. टेबलाशी सगळे शिष्य, आणि जो दगा देणार त्याच्याजवळ जमिनीवर मांजर, तोंड थेट आपल्याकडे. दुसऱ्या एका चित्रात देवदूत निरोप घेऊन घरात येतो, आणि पाठ वाकवून पळते ती मांजर. रेशमाचे किडे पाळणारे जपानी लोक उंदरांना भीती वाटावी म्हणून मांजरीचे चित्रच घरात टांगायचे. मी विचारले, "कागदाला उंदीर भ्यायचे?" ती म्हणाली, "कागदाला कशाला भितील? मांजरीला भ्यायचे."

पुढे मांजर स्वयंपाकघरात शिरली, मासळीवर पाय देऊन उभी राहिली. मग बायकांच्या मांडीवर चढली. मग खिडकीत बसून पाठमोरी बाहेर बघू लागली. आणि शेवटी शहरांच्या भिंतींवर जाहिराती लागल्या तेव्हा ती चित्राच्या मध्यभागी आली, काळीशार, एकटी.

शेवटच्या आजारात धाकटी उशीला टेकून ही चित्रे चादरीवर ओळीने मांडायची. म्हणाली, "ताई, ही वेगवेगळी मांजरं नाहीत. ही एकच आहे आणि ती चाललीय. खुर्चीखालून निघाली, समासातून आली, टेबलाशी थांबली, खिडकीत चढली. हजारो वर्षं कडेकडेनं चालतेय. कुठं निघाली असेल?" मी म्हटले, "औषध घे." मला दुसरे काही सुचले नाही. तिची मला फार आठवण येते. कायद्याच्या कागदात असे लिहीत नाहीत हे मला माहीत आहे.

कलम सहावे. आता चित्र. कामाच्या खोलीत, माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर आहे ते. बाबांना ते एका कामाच्या बदल्यात मिळाले. त्यात एक खोली आहे. डावीकडे खिडकी, मधे टेबल, टेबलाशी एक खुर्ची, आणि मागच्या भिंतीत अर्धवट उघडे दार. दारापलीकडे काळोख. माणूस नाही. सही नाही. रिकामी खोली कोण विकत घेणार, म्हणून ते आमच्याकडेच राहिले.

या चित्रात मांजर नव्हती. बाबांनी, मी आणि धाकटीने मिळून ते साफ केले आहे, त्याचा कण न् कण भिंगाखालून पाहिला आहे. मांजर नव्हती.

धाकटी गेली, भाची सामान घेऊन माझ्याकडे राहायला आली, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत एका सकाळी खुर्चीखाली मांजर दिसली. मुठीएवढी, राखाडी, पाय पोटाखाली घेऊन बसलेली. मी खिडक्या बंद करून जांभळा दिवा धरला. सगळी खोली हिरवी उजळली आणि मांजर काळी. म्हणजे रंग नवा. कापसाची काडी ओली करून शेपटीच्या टोकाला लावली तर टोक कापसावर आले. म्हणजे रंग आमचा, आमच्याच कपाटातला.

मग मी मिशा पाहिल्या. जगात सगळे लोक मिशी गालापासून बाहेर ओढतात. धाकटी टोकापासून गालाकडे यायची आणि गालाशी पोचल्यावर ब्रश जरासा दाबायची. तिथे मोहरीहून बारीक ठिपका उमटायचा. त्या मांजरीच्या प्रत्येक मिशीच्या मुळाशी तो ठिपका होता.

भाची आईच्या मांडीवर बसून ब्रश धरायला शिकली आहे. मला काय ते समजले. पोरीची आई गेली आहे, तिच्या हाताची मांजर काढून तिला बरे वाटत असेल तर वाटू दे. मी काही बोलले नाही. आमच्यात विचारत नाहीत.

पुढच्या वर्षात मांजर टेबलाच्या पायाशी आली. खुर्चीखाली बघितले तर जुना रंग जसाच्या तसा, पुसल्याचा डागसुद्धा नाही. इतके स्वच्छ मलाही कधी पुसता आले नाही. मनातल्या मनात मी पोरीची पाठ थोपटली. मग ती खुर्चीत चढली. भाचीचा उजवा हात मोडून प्लास्टरमध्ये होता त्या दिवसांत ती खुर्चीवरून खिडकीत गेली आणि पाठमोरी बसली. मी म्हटले, डाव्या हाताने काढली असेल, जिद्दीची आहे. एकदा भाची परगावी एका कामाला गेली होती, पावसाने रस्ते बंद झाले म्हणून तिकडेच अडकली, आणि इकडे मांजर खिडकीतून उतरून जमिनीवर आली. मी म्हटले, जायच्या आधीच काढली असेल, माझेच लक्ष गेले नाही. म्हातारपणी लक्ष जात नाही.

आता ती अगदी पुढे आली आहे, चित्राच्या खालच्या कडेला. तोंड आपल्याकडे. उजवा पंजा उचलून जिथे कॅनव्हास संपतो आणि चौकट सुरू होते तिथे टेकवला आहे. माझ्या टेबलाशी बसले की ती माझ्याकडे बघते. कोणी पहिल्यांदा खोलीत आले की मला विचारते, मांजर पाळलीत का.

भानगड अशी की पुतण्याने एका हौशी संग्राहकाला घरी आणले. त्याला चित्र पाहताच घाम फुटला. म्हणाला, हा फार मोठा हात आहे, असे चित्र पुन्हा बाजारात येणार नाही. मग त्याने माझाच जांभळा दिवा मागून घेतला आणि धरला. "बाई, मांजर नंतरची आहे. ती पुसून द्या." पुतण्या माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आत्या, रिकाम्या खोलीला किंमत आहे, मांजरीला नाही. तू असेपर्यंत मी थांबेन."

मी असेपर्यंत. त्या दिवसापासून मला झोप नाही. कारण संग्राहकाचे खरे आहे. आमच्याच पहिल्या नियमाने ती मांजर पुसायला हवी, आणि ती पुसायला कापूस आणि थोडे औषध पुरेसे आहे. मी गेले की पुतण्या कोणालाही बोलावून ते करवून घेईल. माझ्या भाचीने इतकी वर्षे गुपचूप जपलेली तिची आई दुपारच्या चहापर्यंत कापसाच्या बोळ्यावर निघून येईल. म्हणून हे मृत्युपत्र.

कलम सातवे. वरील चित्र मी भाचीला देते, ते या अटीवर की ते विकू नये आणि त्यातली मांजर कोणी, कधी, कोणत्याही कारणाने पुसू नये.

आणि भाचीला माझे सांगणे: बाळा, मी कधी बोलले नाही, पण मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. तू मांजर काढत राहिलीस म्हणून या घरात मी एकटी पडले नाही. ठिपका हुबेहूब तिचाच उतरतो. तुझे उपकार मोठे आहेत.

कलम आठवे. माझ्या देहाचा खर्च कमीत कमी करावा. भाषणे करू नयेत. माझा फोटो लावायचा झाल्यास सरळ लावावा.

येथे मृत्युपत्र संपत होते. परंतु सह्या होण्याआधी जे घडले त्यामुळे पुढील पुरवणी मी त्याच पेनाने, त्याच दिवशी दुपारी जोडत आहे.

पुरवणी. साक्षीदार, म्हणजे डॉक्टर आणि चौकटवाला, वरच्या खोलीत बसले होते. भाची चहाचे कप उचलत होती. मृत्युपत्र तिच्यादेखत मोठ्याने वाचू नका असे वकील सांगून गेले होते, पण ज्याला द्यायचे त्याच्या तोंडावर द्यावे असे माझे मत असल्याने मी वाचले. सातवे कलम वाचले आणि वर पाहिले. भाची ट्रे धरून तशीच उभी होती.

"मावशी, थट्टा करतेस का?"

"थट्टा कशाला करू?"

"मी नाही काढत ती."

मी म्हटले, "आता कशाला लपवतेस? मी रागावले आहे का?"

तिने ट्रे खाली ठेवला. "मावशी, मला वाटायचं तू काढतेस. आई गेली, माझं मन लागत नव्हतं, म्हणून तू माझ्यासाठी काढतेस. तुझा बारीक ब्रश कधीकधी सकाळी ओला असायचा. मी धुवून ठेवायचे. आपल्यात विचारत नाहीत, म्हणून नाही विचारलं."

मी माझा हात पुढे केला. तो कसा थरथरतो ते सगळ्यांना दिसत होते. या हाताने मिशी काढल्याला किती वर्षे झाली ते मलाच आठवत नाही. भाचीने माझ्या हाताकडे पाहिले आणि खुर्चीवर बसली.

"अगं, पण मिशा? तो ठिपका?" मी विचारले.

"मला येत नाही तो," ती म्हणाली. "आईनं कितीदा शिकवला. माझा फुटतो नाहीतर उमटतच नाही. मी तर नवल करायचे, मावशीला कसा जमला."

डॉक्टर घसा खाकरून म्हणाले, "दाखला मी सकाळी दिलाय, बरं का." त्यांना हसवायचे होते, पण कोणी हसले नाही. चौकटवाला उठला आणि जिना उतरू लागला. त्याच्यामागून आम्ही.

बाहेर लख्ख ऊन होते आणि खोलीच्या खिडक्या सताड उघड्या होत्या. चौकटवाला चित्रासमोर उभा होता. "सकाळी आलो तेव्हा चौकटीची धूळ मी पुसली," तो म्हणाला. "इथं होती. माझ्याकडं बघत होती." त्याने खालच्या कडेवर बोट ठेवले.

तिथे काही नव्हते. मांजर टेबलाच्या पलीकडे गेली होती. तिची पाठ आमच्याकडे होती. शेपूट खाली, मान पुढे, एक पाय उचललेला, आणि समोर ते अर्धवट उघडे दार. चालताना काढलेली मांजर अशीच असते, कोणीही सांगेल. मी नाक जवळ नेले. त्या जागेवर आमच्या औषधाचा ओला वास येत होता. भाचीने सकाळच्या पंजाच्या जागी करंगळी फिरवली. कोरडे, जुने वार्निश.

माझ्या आधी तिच्या लक्षात आले. "मावशी, आपण विचारायला नको होतं," ती म्हणाली. "आता ती परत चालली."

मला भीती वाटली. मांजर हलली म्हणून नव्हे. मी एवढी वर्षे चित्रे हाताळली आहेत, चित्रांची भीती मला वाटत नाही. धाकटी एकदा माझ्यासमोर गेली, तेव्हा मी तिला औषध घे म्हणाले. आता ती दुसऱ्यांदा निघाली होती, आणि मला या वेळीही काही सुचत नव्हते.

भाची रंगांच्या कपाटाकडे गेली आणि कपाटाला पाठ लावून उभी राहिली. म्हणाली, "मावशी, मी दार लावून टाकू का? चित्रातलं. तेवढी फळी मला रंगवता येईल. एका दुपारचं काम आहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. चौकटवाल्याने जमिनीकडे. मीच तिला शिकवले आहे की चित्रात आपल्या मनाचे काही घालायचे नाही, आणि ती लहान मुलीसारखी उत्तराची वाट बघत होती. मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. म्हटले, वर चल, मला आधी लिहू दे. त्याप्रमाणे लिहिते.

एक. सातव्या कलमातला उपकाराचा मजकूर मी खोडते, कारण तो चुकीच्या माणसाच्या नावे लिहिला गेला. खरा माणूस कोण हे मी लिहीत नाही. या घराचा दुसरा नियम भाची, पुतण्या, दोन्ही साक्षीदार, संग्राहक आणि हा कागद वाचणारे कोर्ट या सर्वांना लागू आहे. विचारू नये.

दोन. चित्र विकू नये, मांजर पुसू नये, ही अट कायम. संग्राहक आणखी काही बोलल्यास त्याला चहा पाजून परत पाठवावे.

तीन. कामाच्या खोलीतले रंग, औषधाची वाटी आणि माझा बारीक ब्रश रोज संध्याकाळी चित्रापाशी ठेवावेत. सकाळी ब्रश ओला दिसल्यास धुवून ठेवावा. कोरडा दिसल्यास रडावे, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा ठेवावा.

चार. दाराविषयी. आई भाचीची आहे, म्हणून ते लावायचे की नाही हे तिने ठरवावे. मी मधे पडत नाही. माझी बहीण होती, पण आधी तिची आई होती. फक्त एक अट, आणि ती मोडल्यास घराचे पहिले कलमही रद्द समजावे. दार लावलेस तर आपल्याच रंगाने लाव, म्हणजे तिला जायचेच असेल तर पुसता येईल.

हे सर्व मी स्वतः लिहिले, स्वतः वाचले, आणि खोडाखोड केली तिथे तिथे आद्याक्षरे घातली. साक्षीदारांनी मला सही करताना पाहिले आणि मी त्यांना.

मृत्युपत्र करणारीची सही: (हात हलला आहे, सही माझीच)

साक्षीदार पहिला, चौकटवाला, याच गल्लीत राहणार. सही केली. खाली काय पाहिले ते मला कोणी विचारू नये.

साक्षीदार दुसरा, डॉक्टर, कोपऱ्यावरचा दवाखाना. सही केली. बाई शुद्धीत आहेत. मीही आहे असे समजतो.

ठिकाण: राहते घर, वरची खोली.

दिनांक: डॉक्टरांच्या दाखल्यावर आहे तोच. भाची खाली कामाला बसली आहे.